कर्मचारी बसने यावेत असे वाटत असेल, तर आधी परतीची बस पाहा

पणजीतील एका मध्यम आकाराच्या संस्थेच्या प्रशासन विभागाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे कर्मचारी म्हापसा, डिचोली, फोंडा, मडगाव आणि वास्को या बाजूंनी येतात, बहुतेक जण स्वतःच्या स्कूटरने किंवा मोटारीने येतात, आणि आवारातली पार्किंगची जागा आता पुरेनाशी झाली आहे. बसभाड्याचा काही भार उचलायला संस्था तयार आहे. मात्र चाचपणी केली तेव्हा कोणी वातानुकूलित बस मागितली, कोणी तिकिटात सवलत मागितली, कोणी ‘बस वेळेवर असेल तर बघू’ म्हणाले आणि काहींनी साफ नकार दिला. आवडीनिवडी इतक्या वेगवेगळ्या असताना नेमका कोणता उपाय करावा, असे त्यांनी विचारले आहे.

सर्वांना पुरेल असा एकच उपाय शोधू नये, हे मी प्रथम सांगतो. अशा चाचपणीनंतर उत्तरांची सरासरी काढून मधला मार्ग धरण्याचा मोह होतो, आणि बहुतेक योजना तिथेच फसतात. समजा, शंभर कर्मचाऱ्यांपैकी पन्नास जणांना महिन्याचा प्रवासखर्च टोचतो आणि उरलेल्या पन्नास जणांना पैशाचे काही वाटत नाही, पण दहा मिनिटे वाया गेलेली खपत नाहीत. सरासरीवर बेतलेली योजना थोडी सवलत देईल आणि थोडा वेळ वाचवील. पहिल्या गटाला ती सवलत अपुरी वाटेल, दुसऱ्या गटाला वाचलेला वेळ नगण्य वाटेल, आणि दोन्हीकडचे लोक आपापल्या वाहनावर कायम राहतील. ज्या सरासरी कर्मचाऱ्यासाठी ही योजना आखली, तो त्या कार्यालयात कामालाच नसतो.

प्रवासाच्या निवडीचा अभ्यास याच कारणाने व्यक्तीपासून सुरू करावा लागतो. डॅनियल मॅकफॅडन यांना २००० साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच पद्धतीच्या कामासाठी. सान फ्रान्सिस्को परिसरात ‘बार्ट’ ही रेल्वे सुरू होण्यापूर्वी, कामावर जाणाऱ्यांपैकी सुमारे १५ टक्के लोक तिने जातील असा अधिकृत अंदाज होता. एकेक प्रवासी आज काय सोडतो आणि त्याबदली काय मिळवतो याच्या नोंदी घेऊन मॅकफॅडन यांच्या गटाने ६.३ टक्के हा आकडा सांगितला. प्रत्यक्षात तो ६.२ टक्के निघाला. आपल्याला इतके काटेकोर गणित करायचे नाही, पण प्रश्न विचारण्याची रीत तिथून जरूर घ्यावी. ‘बस चांगली झाली तर तुम्ही वापराल का?’ या प्रश्नाला होकार देण्यात कोणाचे काहीच जात नाही, त्यामुळे त्या होकारालाही किंमत नसते. त्याऐवजी, मागच्या वेळी स्कूटर गॅरेजमध्ये होती तेव्हा आपण कार्यालयात कसे आलात, घरून किती वाजता निघालात, बस कुठे बदललीत आणि संध्याकाळी घरी कसे पोचलात, असे विचारावे. लोकांनी खरोखर केलेल्या गोष्टींतून जे कळते ते त्यांच्या इच्छांच्या यादीतून कळत नाही.

गोव्यात हा प्रश्न मुंबईपेक्षा निराळा का आहे, हेही लक्षात घ्यायला हवे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार गोव्यातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे मोटारगाडी आहे, आणि हे प्रमाण देशात सर्वांत जास्त आहे. दुचाकी तर बहुतेक घरांच्या अंगणात असतेच. म्हणजे आपल्या कर्मचाऱ्यांतले फार थोडे जण नाइलाजाने बसने येणारे असतील. बाकीच्यांना रोज सकाळी पर्याय असतो, आणि बसची तुलना दारात उभ्या असलेल्या, किल्ली फिरवली की निघणाऱ्या वाहनाशी होते.

आता तिकिटातील सवलतीकडे येतो, कारण संस्थेच्या हातात ती लगेच आहे. पेट्रोल लिटरमागे शंभर रुपयांच्या आसपास आणि स्कूटर लिटरला पंचेचाळीस ते पन्नास किलोमीटर धावते असे धरले, तर किलोमीटरला दोन-सव्वादोन रुपये पडतात. मागे बायको किंवा शेजारचा सहकारी बसला की माणशी खर्च निम्म्यावर येतो. विमा, टायर, दुरुस्ती आणि घसारा यांचा खर्च असतोच, पण घरून निघताना तो कोणी मोजत नाही. त्यामुळे म्हापशाहून स्कूटरने येणाऱ्याला बसच्या तिकिटात वाचणारे पैसे चहाच्या खर्चाएवढे वाटतात, आणि तेवढ्यासाठी तो सवय मोडत नाही. मडगावहून एकट्याने मोटार चालवत येणाऱ्याचे गणित वेगळे असते. त्याचा इंधनाचा खर्च बसभाड्याच्या कितीतरी पट असतो, पण पैशासाठी तो मोटार चालवत नसतो, म्हणून सवलत त्यालाही हलवत नाही. सवलतीने ज्यांचे खरेच भले होते ते शिकाऊ उमेदवार, कंत्राटी सफाई कामगार, वाहन नसलेले लोक. त्यांना सवलत जरूर द्यावी, ती न्याय्य आहे. फक्त तिच्यामुळे पार्किंग रिकामे होईल, अशी अपेक्षा धरू नये.

बस फुकट केली तरी चित्र फारसे पालटत नाही. एस्टोनियाची राजधानी टॅलिन येथे २०१३ पासून रहिवाशांना शहरातील सार्वजनिक वाहतूक विनामूल्य आहे. तिथे प्रवासी वाढले खरे, पण त्यांतले बरेच जण पूर्वी पायी जाणारे होते. मोटारचालकांची संख्या फारशी घटली नाही. जवळचे उदाहरण हवे असेल तर आपल्या फेरीबोटी पाहाव्यात. पादचाऱ्याला मांडवी विनामूल्य पार करता येते, तरी चोडणहून रायबंदरला येणारे किती तरी जण स्कूटर बोटीत घालूनच आणतात, कारण पलीकडच्या धक्क्यावर उतरल्यावर पुढची बस केव्हा मिळेल हे त्यांना ठाऊक नसते. पैसे वाचतात म्हणून माणूस पायी बोटीत चढत नाही. पुढची बस मिळेल याची खात्री झाली तर चढेल.

म्हणून मी ज्या गोष्टीवर सर्वाधिक भर देईन ती आहे थांबण्याचा वेळ, आणि त्याहूनही त्या वेळेची अनिश्चितता. थांब्यावर उभे राहून घालवलेले एक मिनिट प्रवाशाला गाडीत बसून घालवलेल्या सुमारे दोन मिनिटांइतके जड वाटते, असे वाहतूक-अभ्यासात वारंवार आढळले आहे. जून-जुलैत, पत्रे गळणाऱ्या निवाऱ्यात, हा जडपणा किती वाढत असेल हे गोव्यातल्या माणसाला सांगायला नको. इथे एक साधा हिशेब उपयोगी पडतो, आणि तो फारसा कोणी मांडत नाही. एखाद्या मार्गावर तासाला चार बसगाड्या आहेत. त्या बरोबर पंधरा-पंधरा मिनिटांनी आल्या, तर थांब्यावर केव्हाही येणाऱ्या प्रवाशाला सरासरी साडेसात मिनिटे थांबावे लागते. त्याच चार गाड्या दोन-दोनच्या जोडीने, एकीच्या पाठोपाठ दुसरी अशा, अर्ध्या-अर्ध्या तासाने आल्या, तर सरासरी थांबणे पंधरा मिनिटांवर जाते. गाड्या तेवढ्याच, डिझेल तेवढेच, चालक-वाहकांचा पगारही तेवढाच, आणि प्रवाशाचा त्रास मात्र दुप्पट.

गाड्या अशा जोडीने का येतात, याचे उत्तर गोव्यात बहुतांशी तिकिटांच्या पैशांच्या गल्ल्यात सापडते. बसचे उत्पन्न दिवसाच्या तिकिटांवर ठरत असेल, तर चालकाला मोठ्या थांब्यावर रेंगाळून गाडी भरणे आणि मागची गाडी दिसली की तिच्यापुढे धावणे, ही दोन्ही वर्तने परवडतात. तो चालक वाईट असतो असे नव्हे, त्याच्या मेहनतान्याची रचनाच तशी आहे. खाजगी बसगाड्यांना कदंब या गोव्याच्या राज्य परिवहन महामंडळाच्या छत्राखाली आणणारी ‘म्हजी बस’ योजना मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. धावलेल्या किलोमीटरमागे पैसे मिळू लागले की रेंगाळण्यात आणि शर्यतीत काही अर्थ उरत नाही. आपल्या संस्थेच्या हातात हे नाही, हे खरे. पण आपल्या कर्मचाऱ्यांच्या मार्गांवर कोणत्या वेळेला गाड्या जोडीने येतात, याची आठवडाभराची नोंद करून ती महामंडळाकडे आणि वाहतूक खात्याकडे देणे नक्कीच आपल्या हातात आहे. सर्वसाधारण तक्रारीपेक्षा अशी नोंद अधिक काम करते.

खात्री म्हणजे काय, याचा उत्तम नमुना आपल्या डोळ्यांसमोरच आहे. पणजी ते मडगाव, वास्को आणि म्हापसा या मार्गांवरच्या कदंबच्या शटलगाड्या पाहाव्यात. स्थानकावर खिडकीपाशी तिकीट घ्यायचे, रांगेत उभे राहायचे, गाडी भरली की ती सुटते आणि मध्ये कुठेही न थांबता पोचते. या सेवेला मिनिटांचे वेळापत्रक नाही, आणि तरी लोकांचा तिच्यावर विश्वास आहे. घरी मोटार असलेले सरकारी नोकर, बँकेतले लोक, वकील या रांगेत नियमाने दिसतात, गाडी साधी असली तरी. आपल्या चाचपणीत ज्यांनी वातानुकूलित बस मागितली, त्यांच्यापैकी पुष्कळांना खरे म्हणजे बसायला जागा, गर्दीत धक्के न खाणे आणि मध्येच पंधरा मिनिटे गाडी उभी न राहणे हे हवे असते. ‘एसी’ हा त्या सगळ्या मागण्यांसाठी वापरला जाणारा सोयीचा शब्द आहे, असे मला अनेक ठिकाणच्या मुलाखतींत दिसले आहे. मात्र शटलचा धडा डिचोली किंवा वाळपईच्या मार्गाला जसाच्या तसा लावता येत नाही. दर दहा-बारा मिनिटांनी गाडी असेल तर लोक घड्याळ न पाहता थांब्यावर येतात. अंतर त्याहून वाढले की त्यांना पक्की वेळ लागते, आणि अर्ध्या तासाने सुटणारी गाडी ‘भरल्यावर निघेल’ या तत्त्वावर चालवली तर मोटार असलेला माणूस तिच्याकडे पुन्हा फिरकत नाही.

आता संध्याकाळकडे वळतो, कारण या प्रश्नाची किल्ली मला तिथे दिसते. प्रवासाचा निर्णय सकाळी होत असला तरी तो परतीच्या प्रवासावर अवलंबून असतो. फोंडा तालुक्यातल्या आतल्या गावातून येणारी एखादी लेखापाल घ्या. सकाळी तिला तिच्या गावातून बस आहे, ती वेळेवर येते आणि भाडेही जास्त नाही. महिन्यातले वीसएक दिवस ती साडेपाचला सुटते आणि परतीची गाडीही तिला मिळते. महिनाअखेरीला मात्र काम साडेसातपर्यंत लांबते. फोंड्यापर्यंत ती कशीबशी पोचते, पण तिथून गावात जाणारी शेवटची गाडी निघून गेलेली असते. रात्रीच्या वेळी अनोळखी गाडीत बसणे तिला नको असते, आणि घरच्यांना त्याहून नको असते. महिन्यातल्या त्या चार-पाच दिवसांसाठी ती स्कूटर घेते, आणि स्कूटर घेतली की उरलेले वीस दिवसही त्यावरच येते. चाचपणीत तिने ‘बस सोयीची नाही’ एवढेच लिहिले असेल, आणि आपण ते वाचून सकाळच्या बसमध्ये काय कमी आहे ते शोधत बसू.

संस्थेला इथे फार थोड्या खर्चात मोठे काम करता येते. परदेशांत अनेक मालक ‘घरपोच परतीची हमी’ देतात. बसने आलेल्या कर्मचाऱ्याला कामामुळे उशीर झाला, किंवा घरून तातडीचा निरोप आला, तर त्याला घरी पोचवण्याचा खर्च संस्था करते. अशा योजनांचा अनुभव असा की हमी प्रत्यक्षात वापरली फार क्वचित जाते, त्यामुळे खर्च अंदाजापेक्षा कमी येतो, पण ती आहे एवढ्यानेच लोक सकाळी वाहन घरी ठेवायला तयार होतात. आपल्याकडे यासाठी ओळखीच्या एक-दोन टॅक्सीचालकांशी आधीच दर ठरवून ठेवावेत, आणि महिला कर्मचाऱ्यांसाठी चालक कोण असेल हे आधी सांगावे. अट एकच असावी, त्या दिवशी कर्मचारी बसने आलेला असला पाहिजे. वरिष्ठाची सही, अर्ज, कारण लिहून देणे असली कागदपत्रे त्यात घातली तर हमीवरचा विश्वासच उडतो.

पणजीतल्या शेवटच्या टप्प्याबद्दल फार लिहीत नाही. कदंब बसस्थानकावरून पुढे मिरामार, दोनापावल किंवा ताळगावकडे जायचे असेल तर २०२४ पासून शहरात विजेवरच्या बसगाड्या धावत आहेत, आणि घाई असेल तर पायलट, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकली, आहेतच. कार्यालयापर्यंतचा पायी रस्ता पावसात चालण्याजोगा आहे का, हे मात्र एकदा स्वतः चालून पाहावे. व्यवस्थापनातली जी माणसे बस-योजना आखतात ती सहसा मोटारीने येतात.

पार्किंगविषयी बोलणे अप्रिय असते, तरी टाळता येत नाही. आवारातील जागा कर्मचाऱ्याला फुकट मिळते म्हणजे संस्था वाहनाने येणाऱ्याला दरमहा एक भत्ता देत असते आणि बसने येणाऱ्याला तो नाकारत असते. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९९२ साली कायदा करून काही मालकांना असे बंधन घातले की पार्किंग नको असलेल्या कर्मचाऱ्याला तेवढी रक्कम रोख द्यावी. पार्किंगचे अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी अशा आठ मालकांकडचा अभ्यास केला तेव्हा एकट्याने मोटार चालवत येणाऱ्यांचे प्रमाण ७६ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर आलेले दिसले. कोणावर सक्ती झाली नव्हती, कोणाची सोय काढून घेतलेली नव्हती. आपल्यालाही बसभाड्याच्या सवलतीसाठी ठेवलेली रक्कम या रीतीने वापरता येईल. जो कर्मचारी ज्या दिवशी वाहन आणणार नाही, त्याला त्या दिवसाचे पैसे मिळावेत, मग तो बसने येवो, सहकाऱ्याच्या मागे बसून येवो की पर्वरीहून सायकलने येवो. हिशेब दिवसाचा ठेवावा, महिन्याचा ठेवू नये, हे मी आग्रहाने सांगतो. महिन्याचा हिशेब असला की मुलाला मंगळवारी शिकवणीला सोडावे लागणारा कर्मचारी पूर्ण महिन्यासाठी बाद होतो. दिवसाचा हिशेब असेल तर तोच कर्मचारी आठवड्याचे बाकीचे दिवस आपल्या योजनेत येतो. भिन्न आवडींना सामावून घेण्याचा एवढा सोपा मार्ग दुसरा मला माहीत नाही, कारण यात कोणाला काय आवडते हे ठरवण्याची जबाबदारी संस्थेवर राहत नाही.

ज्यांनी साफ नकार दिला त्यांच्यामागे लागू नये. रोज दोन-तीन ठिकाणी फिरणारे, वृद्ध आईवडिलांना दवाखान्यात नेणारे, सांगे किंवा काणकोणच्या आतल्या भागातून येणारे यांच्यापाशी सबळ कारणे आहेत, आणि त्यांना उपदेश केल्याने संपूर्ण योजनेविषयी कटुता येते. लक्ष द्यावे ते काठावरच्या लोकांकडे, म्हणजे जे आजही अधूनमधून शटलने येतात, ज्यांचे घर मोठ्या मार्गापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि ज्यांची कामाची वेळ ठरलेली आहे. त्यांच्याइतकेच महत्त्वाचे आहेत ते नव्याने रुजू होणारे. सवय ही आयुष्यातल्या बदलांच्या वेळीच सैल होते: नवी नोकरी, नवे घर, मुलांची नवी शाळा. लंडनमध्ये फेब्रुवारी २०१४ मध्ये भुयारी रेल्वेचा संप झाला तेव्हा लोकांना नाइलाजाने दुसरे मार्ग शोधावे लागले, आणि संप मिटल्यावरही सुमारे पाच टक्के प्रवासी त्या नव्या मार्गांवरच राहिले. त्यांना चांगला मार्ग आधीही उपलब्ध होता, फक्त त्यांनी तो कधी अजमावला नव्हता. गोव्यात अशी सर्वांत मोठी संधी बारावीनंतर येते आणि हातची जाते. महाविद्यालयातून संध्याकाळी परतायला गाडी नाही म्हणून पालक मुलाला स्कूटर घेऊन देतात, आणि तो मुलगा पुढची पंचवीस-तीस वर्षे बसच्या पायरीवर पाय ठेवत नाही. तो आपल्याकडे नोकरीला येतो तेव्हा बसचे भाडे किती, तिकीट कुठे मिळते, एवढेही त्याला माहीत नसते.

म्हणून रुजू होणाऱ्याला पहिल्याच दिवशी, पार्किंगचा स्टिकर देण्याआधी, त्याच्या घराजवळच्या थांब्यापासून कार्यालयापर्यंतच्या गाड्या आणि परतीच्या शेवटच्या तीन गाड्यांच्या वेळा लिहून द्याव्यात आणि पहिल्या महिन्याचा पास संस्थेने काढून द्यावा. जपानमध्ये क्योतो येथे नेहमी मोटार चालवणाऱ्यांना महिनाभर बसचे मोफत तिकीट देऊन प्रयोग झाला होता, आणि तिकिटाची मुदत संपल्यानंतरही त्यांचा बसचा वापर पूर्वीपेक्षा जास्त राहिलेला आढळला. सवलत वर्षभर थोडी-थोडी वाटण्यापेक्षा सुरुवातीच्या महिन्यात एकवटून देणे मला म्हणून अधिक शहाणपणाचे वाटते. जुन्या कर्मचाऱ्यांसाठी हा मोफत महिना चतुर्थी आटोपल्यानंतरचा निवडावा. तेव्हा पावसाचा जोर ओसरलेला असतो, शाळांचे वेळापत्रक बसलेले असते आणि वर्षअखेरीची पर्यटकांची गर्दी रस्त्यावर आलेली नसते. पहिला अनुभव भर पावसात दिला तर तो शेवटचाही ठरतो.

योजना सुरू केल्यावर ‘किती जणांनी वाहन सोडले’ असे मोजू नये. तो आकडा लहान येईल आणि व्यवस्थापन हिरमुसले होईल. दर आठवड्याला आवारात किती वाहने कमी उभी राहिली, आणि परतीची हमी कोणत्या मार्गावर व किती वाजता वापरली गेली, या दोन नोंदी ठेवाव्यात. दुसरी नोंद पुढे-मागे फार मोलाची ठरेल. डिचोलीच्या मार्गावर सव्वासातच्या सुमारास ती पुन्हा पुन्हा वापरली जात असेल, तर त्या वेळेच्या एका फेरीची मागणी महामंडळाकडे करता येते, आणि शेजारच्या दोन-तीन कार्यालयांनी आपापल्या नोंदी जोडून एकत्र अर्ज केला तर त्या फेरीला किती प्रवासी मिळतील हेही कागदावर दाखवता येते.